वाचकांचे प्रश्न : एकाच नावेतले विज्ञान, दर्शन आणि भक्ती

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून कविता लिहिते. लहानपणापासूनची श्रद्धा मी सोडलेली नाही, आणि ती माझ्या विषयाच्या आड येते असेही मला कधी वाटले नाही. अलीकडे विश्वाच्या उत्पत्तीवर एक दीर्घकविता लिहिली. तिची सुरुवात ‘शून्यात एक स्फोट झाला, आणि ओंकार निनादला’ अशी आहे. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने ही ओळ विज्ञानाच्या दृष्टीने चुकीची ठरवली. उपनिषदांचा व्यासंग असलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, ‘ओंकाराला स्फोटाची साक्ष कशासाठी हवी?’ दोघांचेही समाधान होईल असे काही करता येईल का?

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा आणि स्नेह्यांचा आक्षेप वरवर परस्परविरोधी दिसत असला, तरी मला तो एकच वाटतो. आपल्या ओळीने विज्ञानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. तेथे विज्ञानाला न घडलेले सांगावे लागते आणि श्रद्धेला उसना पुरावा मागावा लागतो, त्यामुळे दोघांचीही प्रतिष्ठा कमी होते.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. ‘महास्फोट’ हा शब्द मराठीत रुळला असला तरी त्याने कवींची मोठी दिशाभूल केली आहे. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी जे घडू लागले, ते आधीपासून असलेल्या रिकाम्या अवकाशात एखादी वस्तू फुटण्यासारखे नव्हते; अवकाशच प्रसरण पावू लागले. त्याला बाहेर नव्हते, मध्य नव्हता आणि कडाही नव्हती. आपण हा विषय शिकवता, म्हणून यात आपल्याला नवे काही नाही. पण कविता लिहिताना आपण हे ज्ञान बाजूला ठेवले आणि शब्दाने सुचवलेले सोपे चित्र घेतले. माझ्या मते या ओळीतील दोष तेथे आहे. खरे चित्र खोट्या चित्रापेक्षा कितीतरी अद्भुत होते. आरंभीची सुमारे 3 लाख 80 हजार वर्षे विश्व तप्त, अपारदर्शक द्रायूने, म्हणजे वाहू शकणाऱ्या पदार्थाने, भरलेले होते, त्या द्रायूतून दाबाच्या लहरी, म्हणजे एका अर्थाने ध्वनिलहरीच, फिरत होत्या, आणि त्यांचे ठसे आजही आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणात मोजता येतात. ओंकाराचे स्मरण करणाऱ्या कवीला याहून अधिक काय हवे? मात्र ‘हाच तो ओंकार’ असे म्हणताच आपण पुन्हा पिंजऱ्यापाशी येतो. ‘हे वाचताना मला ओंकार आठवला’ असे म्हणण्याचा अधिकार कवीला पूर्ण आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

श्रद्धेच्या बाजूने एक उदाहरण देतो. विश्व प्रसरण पावत असल्याचे सापेक्षतेच्या समीकरणांतून 1927 मध्ये मांडणारे आणि 1931 मध्ये सारे विश्व एका ‘आद्य अणू’तून निघाल्याची कल्पना सुचवणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पोप पायस बारावे यांनी 1951 मधील एका भाषणात या नव्या विश्वविज्ञानाचा संबंध निर्मितीच्या धर्मवचनाशी जोडला, तेव्हा आनंद होण्याऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त कोणत्याही धार्मिक वा पारलौकिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. श्रद्धा अढळ असलेल्या माणसालाच आपले समीकरण देवासाठी राबवण्याची गरज वाटली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या स्नेह्यांना उपनिषदांची गोडी आहे, म्हणून त्यांच्याबरोबर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त पुन्हा वाचावे. अवघ्या सात ऋचांचे हे सूक्त ‘तेव्हा असत् नव्हते आणि सत्‌ही नव्हते’ येथून निघते आणि जो या सृष्टीचा परम आकाशातील अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा त्यालाही ठाऊक नसेल, येथे येऊन थांबते. धर्मग्रंथाच्या गाभ्यात असलेला हा प्रश्न कोणी पुसून टाकला नाही. आपली कविता उत्तराने सुरू होते. ती प्रश्नाने सुरू करून पाहावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : ‘न चालतां सूर्याचें चालणें’ ही ज्ञानेश्वरीतील ओवी वाचली आणि अभिमान वाटला. सूर्य स्थिर असून पृथ्वी फिरते, हे ज्ञानदेवांना कोपर्निकसच्या अडीचशे वर्षे आधी ठाऊक होते, असा याचा अर्थ घ्यावा का? माझा मुलगा हे मानायला तयार नाही.

उत्तर : ओवी अशी आहे : ‘आणि उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चालतां सूर्याचें चालणें । तैसें नैष्कर्म्यत्व जाणें । कर्मींचि असतां ॥’ चौथ्या अध्यायात ‘कर्मण्यकर्म यः पश्येत्’ या श्लोकाचे विवरण करताना ती येते. उगवणे आणि मावळणे यांमुळे सूर्य चालतो असे दिसते, वस्तुतः तो चालत नाही. त्याप्रमाणे ज्ञानी पुरुष कर्मे करताना दिसतो, पण आत तो अकर्ता असतो. सूर्याची गती हा भास आहे, एवढे ही ओवी निःसंशय सांगते, आणि ते लहान नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते की सूर्याभोवती, याविषयी ती काहीच सांगत नाही. तेव्हा आपल्या मुलाच्या शंकेला आधार आहे, आणि आपल्या आनंदालाही आहे. फक्त त्या आनंदाचे कारण थोडे बदलावे लागेल.

ते कारण मी या ओवीच्या थोडे आधी आलेल्या दुसऱ्या दृष्टान्तात शोधतो : ‘अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें’. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे वेगाने मागे जाताना दिसतात. नीट पाहिले की ती अचल आहेत हे कळते. हीच नाव त्याआधी किमान दोन ठिकाणी चालून आलेली आहे. आर्यभटांनी इसवी सन 499 च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयाच्या गोलपादात लिहिले, ‘अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्’. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची अचल वस्तू उलट दिशेने जाताना दिसते, त्याप्रमाणे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. येथे नाव म्हणजे स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी आहे, आणि विधान खगोलशास्त्राचे आहे. ते सर्वांना पटले नाही. ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये त्याचा प्रतिवादही केला. पुढे शंकराचार्यांच्या गीताभाष्यात याच श्लोकावर नाव पुन्हा येते. नाव चालू लागली की तीरावरची स्थिर झाडे उलट दिशेने जाताना दिसतात, तसा आत्म्यावर कर्तेपणाचा भ्रम होतो, असे आचार्य सांगतात. येथे नाव दर्शनाची झाली. ज्ञानदेवांनी ती तेथूनच घेतली असावी, कारण आपण भाष्यकारांना वाट विचारीत चाललो, असे त्यांनी स्वतःच ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे. त्या नावेच्या पुढे त्यांनी सूर्य ठेवला, आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, हा सगळा विचार ओवीच्या लयीत सर्वसामान्य मराठी माणसाच्या ओठांवर आणून दिला.

आर्यभटांची नाव शंकराचार्यांपर्यंत कशी पोचली, किंवा पोचली की नाही, यावर येथे काही विधान करण्याची गरज नाही, कारण नदीतून जाणारा कोणीही हा अनुभव घेऊ शकतो. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, एकच निरीक्षण गणिती, तत्त्वज्ञ आणि भक्तकवी यांच्या हातून गेले आणि प्रत्येकाने त्याला वेगळ्या कामाला लावले, तरी निरीक्षण स्वतः कोठेही मोडले नाही. आर्यभटांच्या हातात ते सिद्धान्ताचे स्पष्टीकरण होते. ज्ञानदेवांच्या हातात तो दृष्टान्त होता, आणि आपल्या परंपरेत दृष्टान्त व प्रमाण यांतील भेद जुन्या पंडितांनी काटेकोरपणे पाळला आहे. ज्ञानेश्वरीला खगोलशास्त्राचे प्रमाण करण्याच्या घाईत आपण तिच्यातील दृष्टान्ताचे ऐश्वर्य पाहायचे विसरतो. ‘अणुरेणियां थोकडा । तुका आकाशाएवढा’ या अभंगात अणुविज्ञान शोधणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. मी-पण अणूहून लहान होऊन विरघळल्यावर माणूस आकाशाएवढा कसा होतो, हा तुकोबांचा अनुभव त्या शोधात हरवतो.

मुलाबरोबर या तीन नावा एकत्र ठेवून वाचा. वाद मिटेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण तो अधिक चांगल्या विषयावर होईल.

प्रश्न : विज्ञानाने श्रद्धेला धक्का दिला आणि तो धक्का कवितेत आला, तर तिला श्रद्धेची कविता म्हणता येईल का? की ती केवळ संशयाची कविता होते?

उत्तर : येथे मी दोन इंग्रजी कवींकडे वळतो, कारण भूविज्ञान आणि उत्क्रांती यांचा आघात त्यांच्या शतकाने फार जवळून सोसला.

टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम 1833 मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, अचानक गेला. त्याच्या स्मरणार्थ लिहिलेली दीर्घकविता पूर्ण होऊन प्रसिद्ध व्हायला 1850 साल उजाडले, म्हणजे डार्विनचा मुख्य ग्रंथ तेव्हाही नऊ वर्षे दूर होता. पण ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलचे भूविज्ञान टेनिसनच्या वाचनात आले होते, आणि कड्यांच्या थरांमध्ये नष्ट झालेल्या जीवजातींचे अवशेष आहेत हे त्याला ठाऊक होते. कवितेत प्रथम तो म्हणतो की, निसर्ग एकेका जीवाची पर्वा करत नसला तरी जातीची करतो. आणि लगेच पुढच्या भागात निसर्गच त्याला खोडून सांगतो की, हजारो जाती नाहीशा झाल्या, मला कशाचीच पर्वा नाही. मित्राच्या मृत्यूचा प्रश्न अशा रीतीने सगळ्या मानवजातीचा होतो. कवितेच्या अखेरीस श्रद्धा टिकते, पण ती रात्रभर जागलेल्या माणसासारखी दिसते. मला ती पूर्णपणे श्रद्धेची कविता वाटते. ज्या श्रद्धेला या प्रश्नाची झळच लागलेली नाही, तिच्या कवितेत स्तुती उत्तम असते, पण सांत्वन क्वचित सापडते.

दुसरे कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स. ते जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते, आणि निरीक्षक म्हणून इतके दक्ष की, 1883 च्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर संध्याकाळच्या आकाशात दिसणाऱ्या विलक्षण रंगांची बारकाईची वर्णने त्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेला पाठवली आणि ती छापूनही आली. निधनाच्या आदल्या वर्षी, 1888 मध्ये, त्यांनी एक कविता लिहिली. तिच्या शीर्षकातच निसर्ग, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसचा अग्नी आणि पुनरुत्थानाचे सांत्वन ही तिन्ही एकत्र आहेत. ढग, वारा, वाळत जाणारा चिखल, सगळे त्या अग्नीत सतत जळते आणि बदलते. माणसाची खूणही पुसली जाते. मग अकस्मात पुनरुत्थानाची हाक येते आणि काडीइतका क्षुद्र माणूस अमर हिरा होतो. लाकडाची काडी जळून मागे उरतो तो कोळसा आणि हिरा, दोन्ही मूलतः कार्बनच, हे रसायनशास्त्र तेव्हा सर्वज्ञात होते. हॉपकिन्सनी ते कोठेही उच्चारलेले नाही. काडी आणि हिरा जवळजवळ ठेवून ते पुढे जातात, आणि माझ्या वाचनात त्या दोन शब्दांमधल्या जागेत विज्ञान, दर्शन आणि श्रद्धा यांचे सारे नाते सामावते.

प्रश्न : विज्ञान बदलत राहते. आज खरे मानलेले उद्या चुकीचे ठरले, तर त्यावर उभी असलेली कविता कोसळणार नाही का?

उत्तर : इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातील स्वर्ग पृथ्वीभोवती फिरणाऱ्या गोलांचा आहे, आणि ते विश्वचित्र केव्हाच मोडीत निघाले. त्याच्या स्वर्गखंडाच्या दुसऱ्या सर्गात चंद्रावरील डागांची चर्चा आहे. दान्तेची प्रिया आणि स्वर्गातील मार्गदर्शक बेआत्रिचे तेथे त्याची समजूत खोडून काढते आणि दोन आरसे सारख्या अंतरावर आणि तिसरा त्यांहून दूर ठेवून आपल्या मागे दिवा लावण्याचा प्रयोग करून पाहायला सांगते. ती शेवटी जे स्पष्टीकरण देते तेही आज टिकत नाही. चंद्रावरील काळे प्रदेश ही थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत. तरीही स्वर्गाच्या दारात उभे राहून ‘प्रयोग करून पाहा’ असे म्हणणारी ती प्रिय व्यक्ती सातशे वर्षांनंतर ताजी वाटते. कवितेत माहितीबरोबर जाणून घेण्याची वृत्ती उतरली असेल, तर माहिती जुनी झाल्यावर ती वृत्ती कविता सांभाळते. नुसती माहिती असेल, तर कोसळण्याची भीती रास्त आहे.

प्रश्न : कवितेत पारिभाषिक शब्द आले तर खाली टीप द्यावी का?

उत्तर : एखादी टीप चालेल. पण टीप काढून टाकल्यावर ओळ मोठ्याने वाचून पाहावी. ‘नावे हन जो रिगे’ वाचताना आपल्याला ‘रिगे’चा अर्थ नेमका माहीत नसला तरी नावेत पाऊल टाकल्याचे जाणवते. आपला ‘गुणसूत्र’ किंवा ‘अभिसरण’ ओळीत असे काही करत असेल तर तो राहू द्यावा. करत नसेल तर टीप कितीही चांगली लिहिली तरी तो शब्द तेथे परकाच राहील, आणि अशा वेळी टिपेऐवजी शब्द बदलावा.