मृगापासून सुरुवात कर

बेटा,

नागपूरच्या फुटाळा तलावावरून काढलेले तुझे रात्रीच्या आभाळाचे फोटो पाहिले. तारे मोजून सात-आठ, अन् आभाळ संत्र्याच्या सालीसारखं. तो शहराचा उजेड, त्याला तू काय करणार! पण ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, घेऊ का म्हणून विचारलंस, त्याला माझं उत्तर ‘नको’. निदान हा हिवाळा तरी नको. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची किट लेन्स आणि ट्रायपॉड तुझ्याकडे आहे, तेवढ्यावर पुष्कळ शिकता येतं.

आधी जागा. पेंचला 2024 मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे अंधारं आभाळ जपणाऱ्या उद्यानाचा, मान मिळाला, तेव्हापासून सगळ्यांना तिकडेच जायचं असतं. जा, पण मुक्कामाच्या जागेच्या आवारातूनच फोटो काढ. वाघाच्या मुलखात रात्री रस्त्यावर ट्रायपॉड मांडायचा नसतो. आणि एक ध्यानात ठेव, उत्तरेला गेलीस की नागपूरचा उजेड दक्षिणेला येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्र डोक्याजवळ असतं, त्याला फारसा फरक पडत नाही. पण उन्हाळ्यात धनू-वृश्चिकाकडची आकाशगंगा टिपायची, तर उमरेडच्याही पुढे, भिवापूरच्या अंगाने जा. म्हणजे शहर पाठीशी राहतं.

आता फोकस. बहुतेकांची रात्र इथेच वाया जाते, माझीही गेली आहे. एकदा रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठी, गडावरच्या दिव्यावर छान फोकस लावला, मग चौकट जुळवायला झूम जरासा फिरवला. किट लेन्सचा झूम हलला की फोकसही हलतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! घरी येऊन पाहतो तर दोनशे फोटोंत एकेक तारा बुंदीच्या दाण्याएवढा. म्हणून आधी झूम ठरव, मग फोकस. ऑटोफोकस बंद. लाईव्ह व्ह्यूमध्ये व्याधाचा तारा घे, दहापट मोठा कर आणि रिंग अगदी हळू फिरव. तारा बारीक होत होत टिंब होईल, अजून फिरवलीस की पुन्हा फुगेल. मग तेवढंच मागे ये आणि रिंगवर चिकटपट्टी लाव. तासाभराने पुन्हा तपास, कारण थंडीने फोकस सरकतो. टॉर्चला संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद लाव, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

ताऱ्याची रेघ न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येतं, त्याचा हिशेब असा. 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून 18 ला आधी 1.5 ने गुणायचं. 27 आले, 500 ला 27 ने भागलं की साधारण 18 सेकंद. मला विचारशील तर हा हिशेब जरा सैल आहे. आभाळ तासाला 15 अंश सरकतं, आणि मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण नेमका खगोलीय विषुववृत्तापाशी (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आभाळातली रेषा), म्हणजे सगळ्यात वेगाने पळणाऱ्या पट्ट्यात. तिथे 10-12 सेकंदांवर जाऊ नकोस. सप्तर्षींना थोडे जास्त चालतात. ध्रुव तर जवळजवळ हलतच नाही. नागपुरातून तो उत्तरेला 21 अंशांवर दिसतो, आपला अक्षांशच तेवढा. ताऱ्यांच्या रेषाच हव्या असतील तेव्हा तिकडे तोंड कर आणि तासभर लागोपाठ फोटो घे.

बाकी सोपं आहे. छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ 3.5. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 1600 पासून सुरू कर. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची. शटरला बोट लावायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लाव. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. एकाच चौकटीचे 16 फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचलेस की खरखर चौपटीने कमी होते. अंधारात स्क्रीन भलतीच उजळ दिसते, तिच्यावर विसंबू नकोस, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहा.

पौषातली अमावास्या बरी. ‘अमावास्येला काऊन चालली?’ असं आई म्हणेलच. तिलाच सोबत ने. नाही आली, तर दोघी-तिघी मैत्रिणी मिळून जा. स्वेटर घे आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी खिशात ठेव, थंडीत ती लवकर उतरते.

मृगातला काक्षी तारा तांबूस आणि राजन्य तारा निळसर, हा फरक फोटोत दिसला की मला सांग. मोबाईलवर फोटो पाठवू नकोस. पेनड्राइव्हमध्ये रॉ फाइल घेऊन ये, फसलेल्याही आण.

तुझा,
काका