वाचकांचे प्रश्न : गन कॅमेऱ्यात दिसतं काय आणि कळतं काय

प्रश्न : जुन्या लढाऊ विमानांच्या चित्रफितीत गोळीबार सुरू होतो नेमका तेव्हाच कॅमेराही चालू झालेला असतो. वैमानिक तो वेगळा चालू करत असे का? – एक वाचक, सांबरा

उत्तर : सहसा नाही. गन कॅमेरा म्हणजे गोळीबार होताना समोरचं दृश्य टिपणारा विमानातला कॅमेरा. त्याची जोडणी गोळीबाराच्या बटणालाच असे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरमध्ये कॅमेरा डाव्या पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेत बसवलेला होता. बटण दाबून धरलं तेवढा वेळ फिल्म पळायची. विमान वळवायच्या दांड्यावर या बटणाच्या खाली आणखी एक बटण होतं. त्याने गोळी न झाडता नुसता कॅमेरा चालायचा आणि सरावात तेच वापरायचे. थ्रॉटलजवळ (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांडीजवळ) किती फिल्म उरली ते सांगणारा दर्शक होता आणि भिंगातून उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करायचा स्विचही. कडक उन्हात लहान छिद्र. हा स्विच विसरला की फिल्म पांढरीफटक, नाहीतर काळीकुट्ट.

अमेरिकन १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ५० फूट फिल्मचं मॅगझिन (फिल्मची डबी) बसे. या फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी मावतात, म्हणजे एकूण २०००. सेकंदाला १६ चौकटींनी चालवली तर जेमतेम दोन मिनिटं आणि ६४ ने चालवली तर अर्धा मिनिट. एवढ्यात अख्खी मोहीम भागवायची! तरीही बटण सोडल्यावर कॅमेरा आणखी क्षणभर चालू ठेवायची सोय त्यात मुद्दाम केली होती, कारण शेवटच्या गोळ्या तोवर वाटेतच असतात.

प्रश्न : फिल्मवर शत्रूचं विमान बरोबर मधोमध दिसलं, म्हणजे ते पाडलं असं समजायचं ना? – एक वाचक, खानापूर

उत्तर : मधोमध दिसलं तर उलट शंका घ्यावी. पंखातला कॅमेरा तोफांच्या दिशेनं घट्ट बसवलेला असतो. गोळ्या कुठे पोचल्या हे तो टिपत नाही, त्या क्षणी तोफा कुठे रोखल्या होत्या एवढंच टिपतो. ३० मिलिमीटरच्या तोफेच्या गोळ्याला ४०० मीटर जायला साधारण अर्धा सेकंद लागतो. समोरचं विमान सेकंदाला १०० मीटरनं आडवं सरकत असेल, तर तेवढ्यात ते ५० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून चौकटीचा मध्य विमानाच्या नाकापुढच्या मोकळ्या आभाळावर हवा. नवशिक्याच्या फिल्मवर विमान हमखास मध्यावर सापडतं आणि गोळ्या शेपटीमागून निघून गेलेल्या असतात. सरळ पाठीमागून झाडलं तर मात्र मध्य चालतो.

अंतरही फिल्मवरूनच काढतात. सेबर या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ११.३ मीटर. ३५ मिलिमीटरच्या भिंगातून ४०० मीटरवर त्याची प्रतिमा फिल्मवर जवळपास १ मिलिमीटर येते, चौकटीच्या रुंदीच्या एक दशांश. प्रतिमा निम्मी भरली तर अंतर दुप्पट. वळणाऱ्या विमानाचे पंख तिरपे दिसतात आणि आखूड भरतात. ते ध्यानात न घेता मोजलं की अंतर खरं असतं त्याहून जास्त निघतं.

हा सगळा हिशेब कॅमेरा आणि तोफा जमिनीवर नीट जुळवल्या असतील तरच खरा. त्यासाठी विमान जॅकवर उचलून उड्डाणाच्या स्थितीत आणतात आणि ठरलेल्या अंतरावर खुणांचा फलक उभा करतात. फलकावर तोफ, नेम धरायची काच आणि कॅमेरा यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात, कारण तिन्ही विमानात वेगवेगळ्या जागी आहेत. सगळं एकाच खुणेवर आणलं तर जुळणी चुकलीच.

आता पाडलं की नाही. २२ नोव्हेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ, बोयऱ्याच्या आकाशात आपल्या हवाई दलाच्या २२ स्क्वाड्रनच्या चार नॅट लढाऊ विमानांनी पाकिस्तानी सेबरना गाठलं. भारताचा दावा तीन सेबर पाडल्याचा. पाकिस्ताननं दोन गमावल्याचं मान्य केलं आणि तिसरं मार खाऊन परतल्याचं सांगितलं. दोन वैमानिक छत्रीनं उतरले आणि पकडले गेले, त्यामुळे त्या दोन विमानांबद्दल वाद उरला नाही. गोळे लागल्याचं फिल्म दाखवते. पण मारणारं विमान वळून निघालं की कॅमेराही वळतो आणि पुढचं त्याला दिसत नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात एक गन कॅमेरा मिळाला आहे. चालू करून बघू का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, घरच्या २३० व्होल्टला अजिबात लावू नका. हे कॅमेरे विमानातल्या डीसी विजेवर चालतात. काही १२ व्होल्टचे आहेत, काही २४ चे, तेव्हा आधी कॅमेऱ्यावरची माहितीची पट्टी वाचा. आत मोटारीखेरीज हीटरही असू शकतो. उंचावरच्या थंडीत वंगण आखडू नये यासाठी तो असे आणि त्याच्या पिना वेगळ्या असतात. मल्टिमीटरनं मोटारीच्या पिना शोधा, वाळलेलं ग्रीस काढून हलकं तेल द्या, गिअर हातानं सैल फिरतायत का ते बघा. मगच करंट मर्यादित ठेवता येणाऱ्या सप्लायवर निम्म्या व्होल्टेजनं सुरुवात करा. मोटार गुणगुणली पण फिरली नाही तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग सहसा मिळत नाही. बेळगावात उद्यमबागेतला एखादा लेथवाला नमुना बघून करून देईल.

मॅगझिन मिळालं असेल तर उजेडात उघडू नका, आत वापरलेली फिल्म असू शकते. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

प्रश्न : आताच्या विमानांत काय असतं? – तेच वाचक

उत्तर : व्हिडिओ. वैमानिकासमोरच्या काचेवर उमटणारे आकडे आणि नेमाची खूण बाहेरच्या दृश्यासकट टिपली जाते, त्यामुळे वेग आणि उंची थेट वाचता येते. चमकत्या ढगापुढे हिरवे आकडे पुसट होतात, ही कटकट मात्र आहेच.