निर्णयन 'घेतात' का?

कोल्हापूरच्या एका एम.कॉम. विद्यार्थिनीने विचारलंय: 'व्यवस्थापनाच्या पुस्तकात निर्णयन, वर्तमानपत्रात निर्णय. बरोबर कुठलं? आणि निर्णय करायचा की घ्यायचा?'

निर्णयन (डिसिजन मेकिंग) ही प्रक्रिया, निर्णय हे तिचं फळ. 'संचालक मंडळाने निर्णयन घेतले' हे वाक्य सारखं कानावर येतं आणि प्रत्येक वेळी खटकतं. पिठाला दळणं म्हणावं, तसं ते आहे.

खरी मजा 'निर्णय' या शब्दाच्या मूळ धातूत आहे. निर् + नी, म्हणजे बाहेर नेणे. नेता, नायक, नीती सगळे याच घरातले. पाणिनीय धातुपाठात हा धातू मुळात 'णीञ्' असाच दिला आहे, म्हणून 'र'च्या शेजारी त्याचा 'ण' परत उगवतो: निर्णय, प्रणय, परिणय.

बाहेर न्यायचं ते कशातून? संशयातून. न्यायसूत्रं म्हणजे न्यायदर्शन या प्राचीन तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ. त्यातल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय तिसरा, निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव, तर्क. व्याख्याच अशी: 'विमृश्य पक्षप्रतिपक्षाभ्यामर्थावधारणं निर्णयः', म्हणजे संशय घेऊन, दोन्ही बाजू तपासून गोष्ट निश्चित करणे. इंग्रजी 'डिसिजन' मात्र लॅटिनमधल्या कापण्यावरून आलेला, म्हणजे फक्त शेवटच्या घावाचा शब्द. चेस्टर बर्नार्ड आणि हर्बर्ट सायमन हे अमेरिकेतले व्यवस्थापन-विचारवंत. बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये आणि सायमन यांनी १९४७ मध्ये निर्णयाला व्यवस्थापनाच्या अभ्यासात मध्यावर आणलं. पुढे १९६० मध्ये सायमन यांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या: प्रसंग हेरणे, पर्याय रचणे, निवड. कापण्याच्या शब्दात त्यांना जे भरावं लागलं, ते 'निर्णय'मध्ये आधीच होतं. न्यायदर्शनातला निर्णय ज्ञानाचा, सायमन यांचा कृतीचा, हा आक्षेप मान्य. पण शोधापासून निश्चयापर्यंतची वाट दोन्हीकडे आहे.

सायमन यांचा दुसरा शब्द 'सॅटिस्फाइस'. 'सॅटिस्फाय' (समाधान होणे) आणि 'सफाइस' (पुरणे) हे दोन शब्द जोडून त्यांनी तो घडवला, असं पाठ्यपुस्तकं बिनदिक्कत छापतात. साफ चूक! सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत तो सापडतो. सायमन यांनी १९५६ मध्ये त्याला नवा अर्थ दिला: सर्वोत्तम शोधत न बसता पुरेसं ते निवडणे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा फाउंड्रीवाला कच्चं लोखंड घेताना बाजारातला प्रत्येक दर तपासत बसत नाही. दर आणि प्रत यांची पट्टी मनात धरतो आणि तिच्यात बसणारं पहिलं कोटेशन मंजूर करतो. पट्टी फार उंच धरली तर माल मिळत नाही, भट्टी थांबते. फार खाली धरली तर कास्टिंग रिजेक्ट होऊन परत येतं. सहज मिळू लागलं की पट्टी वर सरकते, मिळेनासं झालं की खाली. याला 'समाधानकारक पर्याय' म्हणणं पुस्तकी आणि ढिलं. आपल्याकडे नेमका शब्द आहे: भागणे. तहान भागते, गरज भागते. त्याला सर्वोत्तम लागत नाही, पुरेसं लागतं. 'एवढ्यात भागतंय की' म्हणणाऱ्या कोल्हापूरकराला सायमन शिकवावा लागत नाही.

राहिलं घेणे-करणे. 'निर्णय घेणे' ही इंग्रजी 'टेक अ डिसिजन'ची नक्कल म्हणून शुद्धिवादी ओरडतात. मग 'शपथ घेणे'चं काय करायचं? छाननी करून ठरवलं तर निर्णय केला, जबाबदारी पत्करली तर घेतला, दुसऱ्यांच्या वादात सांगितला तर दिला. तिन्ही चालतात. निर्णयन मात्र घेता येत नाही.