इंजिन जाम झालेल्या गाडीतून गिअरबॉक्स काढता येतो का?

येतो. मॅन्युअल असेल तर काहीच अडचण नाही, क्लच फ्लायव्हीलवरच (इंजिनाच्या मागची जड चकती) राहतो आणि बॉक्स मागे सरकतो. खरी गोची ऑटोमॅटिकची. टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणारा, इंजिनाला बोल्टने जोडलेला भाग) बोल्ट एकेक करून समोर आणायला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवावा लागतो, तोच फिरत नाही. आधी स्पार्क प्लग काढून बघा. सिलिंडरमध्ये पाणी शिरून अडकलं असेल तर सुटेलही. नाहीच सुटलं तर कन्व्हर्टर इंजिनालाच राहू द्या आणि बॉक्स सरळ मागे ओढा, वाकडा लोंबकळू देऊ नका. ऑइल भरपूर सांडेल, खाली ट्रे हवाच. बसवताना पुढचं ऑइल सील नवीन घाला. कन्व्हर्टर बॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळलेत तर पंप फुटतो. ऑइलला जळका वास असेल तर मी तो बॉक्स घेणार नाही.