नागपुरात सोसायटीच्या गच्चीवर 'नवरा माझा नवसाचा 2' लावायचा आहे. आधी पहिला भाग दाखवावा का?
हो, नक्की दाखवा, कारण अशा गाण्या-विनोदाच्या दुसऱ्या भागाची सगळी गंमत जुन्या ओळखीवर उभी असते. 2004 मध्ये नवस फेडायला एसटीने गणपतीपुळ्याला निघालेलं जोडपं 2024 मध्ये कोकण रेल्वेत बसतं आणि तेव्हाचे कंडक्टर अशोक सराफ आता टीसी असतात. पहिला भाग पाहिलेले त्यांना बघताक्षणीच हसतात, बाकीच्यांना तो नुसता टीसी. गाण्यांना मात्र ही तयारी लागत नाही, पोरं तशीही नाचतात. मे महिन्यात उजेडामुळे साडेसातपर्यंत पडदा पुसट दिसतो, म्हणून दोन्ही भाग एका रात्रीत कोंबू नका, शनिवार-रविवार असे वाटून घ्या. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारा, नाहीतर सतरंजीवर बसवत नाही.