आर्मरेस्ट बसवण्याआधी हँडब्रेक ओढून बघा

प्रश्न (खानापूर) : काका, हॅचबॅकसाठी ऑनलाइन आर्मरेस्ट मागवलाय. सोबत चार स्क्रू आलेत, माहितीचा कागद मात्र नाही. मधल्या कन्सोलला (दोन सीटमधल्या प्लास्टिकच्या खोक्याला) घरीच भोकं पाडू का?

उत्तर : ड्रिल आत्ता बाजूला ठेवा. आर्मरेस्ट नुसता जागेवर धरा, सीट तुमच्या नेहमीच्या ठिकाणी सरकवा आणि हँडब्रेक शेवटपर्यंत ओढून बघा. मूठ पूर्ण वर आल्यावरही बटणावर अंगठा आरामात पोचला पाहिजे. केबल जुनी झाली की मूठ आजच्यापेक्षा वर येते, तेवढी जागा आत्ताच सोडा. मग दोन्ही बेल्ट लावून बघा. बकल चाचपडत शोधावं लागत असेल, तर मागं बसलेल्या पोरांचं सोडा, तुम्हीच चार दिवसांत बेल्ट टाळायला लागाल. यात काही अडत असेल तर तो आर्मरेस्ट तुमच्या गाडीचा नव्हे, परत पाठवा.

सगळं जमलं तरी कन्सोल जागेवर असताना वरून भोक पाडू नका. त्या प्लास्टिकखालून हँडब्रेकची केबल आणि वायरिंग जातं. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिटही तिथल्याच उंचवट्यावर बसवलेलं असतं. म्हणून कन्सोल सोडवून बाहेर काढा. त्याचे स्क्रू बहुधा कप होल्डरच्या रबराखाली किंवा एखाद्या छोट्या टोपणाआड लपलेले असतात. त्याआधी चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि दहा मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते. आत पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायर.

कन्सोल बाकावर आला की काम सोपं. खुणेवर मास्किंग टेप लावा, म्हणजे बिट घसरत नाही. आधी ३ मिमीचं भोक, मग लागेल तेवढं मोठं. सोबत आलेले स्क्रू नुसते प्लास्टिकमध्ये पिळू नका. रोज कोपराचा भार पडून भोकं सैल होतात आणि सहा महिन्यांत सगळं डुलायला लागतं. आरपार बोल्ट घाला, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) लावा. त्याहून चांगलं म्हणजे आतून २ मिमी पत्र्याची पट्टी द्या. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलंत तर कापून देईल. कन्सोल परत बसवताना बोल्टचं टोक खाली कुठल्या वायरीवर टेकत नाही ना, हे बॅटरी लावण्याआधी बघा.

प्रश्न (निपाणी) : बसवून महिना झाला. हमरस्त्यावर छान वाटतं, पण तवंदी घाटात गियर टाकताना कोपर अडतं. होईल का सवय?

उत्तर : सवय करून घेऊच नका. आपल्याकडच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत दुसरा आणि चौथा गियर मागं ओढून पडतो, म्हणजे नेमकं उतारावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना डावं कोपर मागं जातं. तिथं आर्मरेस्टचं तोंड आडवं आलं की गियर अर्धवट राहतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये उताराला लागते. पावसात चोर्ला किंवा आंबोली उतरताना हे परवडणारं नाही. आर्मरेस्ट उचलता येत असेल तर घाट लागण्याआधी उभा करा. सरकणारा असेल तर पूर्ण मागं घ्या. दोन्ही होत नसेल तर काढून दोन-तीन सेंटीमीटर मागं बसवा. कोपराऐवजी हाताचा मागचा भाग टेकला तरी आराम मिळतो, हे मी बऱ्याच गाड्यांत करून पाहिलंय.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : खड्ड्यातून गेलं की कुरकुर येते. बोल्ट तर घट्ट आहेत.

उत्तर : मग आवाज बोल्टचा नाही, प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याचा आहे. जिथं घासतंय तिथं कापडी फेल्ट टेप लावा. झाकणाखाली बिजागरीशीही बघा. आणि डब्यातली नाणी, पाना, अत्तराची बाटली आधी काढा, निम्मा आवाज तिथंच जाईल. जड वस्तू तिथं ठेवूच नये. करकचून ब्रेक लागला की ती उडते.

प्रश्न (चिकोडी) : माझ्या आर्मरेस्टला यूएसबीचे पॉइंट आहेत. दुकानदार म्हणतो, स्टिरिओची वायर सोलून जोडून देतो. चालेल?

उत्तर : नको. मोबाइलच्या दोन-दोन चार्जरचा भार त्या वायरीवर टाकायचा नाही. तोडलेल्या वायरीमुळे इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवरही प्रश्न येतो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसायची पिन असलेली वायर घ्या आणि ती कार्पेटच्या कडेनं न्या. सीटच्या रुळात किंवा पेडलजवळ लोंबू देऊ नका. सॉकेट मोकळं नसेल तर फ्यूजबॉक्समधून वेगळा फ्यूज टाकून लाइन काढणारा इलेक्ट्रिशियन गाठा.

प्रश्न (जांबोटी) : पावसाळ्यात रेक्झीनवर बुरशी येते.

उत्तर : ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्यानं टिपा, आणि उघडीप मिळाली की झाकण उघडून काचा खाली करा. खालचा फोम भिजलेला असेल तर कितीही पुसलं तरी बुरशी परत येते. कव्हर काढून फोम वाळवा, नाहीतर कुशनवाल्याकडून नवा भरून घ्या.