रंग गेला तरी मीठ राहते: रंगकामाच्या सांडपाण्याविषयी सल्ला

नागपूर परिसरात नाल्याकाठी भाजीपाला घेणाऱ्या काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, कापड रंगवण्याच्या कामातून नाल्यात येणारे रंगीत पाणी संत्र्याच्या साली, धानाचा कोंडा किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) कोळसा वापरून स्वच्छ करता येईल का आणि ते पिकाला देता येईल का. रंग बऱ्याच अंशी काढता येतो. परंतु तेवढ्यावरून ते पाणी ओलितास योग्य ठरत नाही.

सालीतील पेक्टिन आणि कोंड्यातील सेल्युलोज व लिग्निन यांच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋणभार येत असल्याने मेथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग त्यांना लवकर चिकटतात. सुती कापडासाठी सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋणभारित असतात, म्हणून कच्ची साल त्यांना फारशी धरून ठेवत नाही. तिथे सक्रिय केलेला, म्हणजे प्रक्रिया करून अधिक सच्छिद्र बनवलेला कोळसा अधिक उपयोगी पडतो. साल वापरायचीच असल्यास ती गरम पाण्याने वारंवार धुऊन, वाळवून, दळून घ्यावी, नाहीतर तिचाच पिवळा रंग पाण्यात उतरतो.

मला खरी काळजी मिठाची वाटते. रिॲक्टिव्ह रंग कापडावर बसावा म्हणून मीठ आणि सोडा भरपूर घालतात आणि हे विरघळलेले सोडियम ना साल काढते, ना कोळसा. असे पाणी दिसायला नितळ असले तरी आपल्या काळ्या चिकण जमिनीत सोडियम साचत जाते, मातीचे कण सुटे होऊन निचरा बंद होतो आणि जमीन चोपण होते. ती पुन्हा सुधारण्यास जिप्सम, चर आणि कित्येक हंगाम लागतात. पाण्याची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) 2.25 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास ते भाजीपाल्याला देऊ नये.

रंग शोषलेली साल किंवा कोळसा शेणखतात मिसळू नये, जनावरांपुढे टाकू नये आणि चुलीतही जाळू नये. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार ते सोडणाऱ्याची आहे, शेतकऱ्याची नाही. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार करावी. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून नाल्याचा आणि विहिरीचा स्वतंत्र नमुना घ्यावा, बाटलीवर ठिकाण व तारीख लिहावी आणि वाहकता, सामू (पीएच) व सोडियमचे प्रमाण तपासण्यासाठी तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल येईपर्यंत, विशेषतः पालेभाज्यांना, नाल्याचे पाणी देणे थांबवावे.